दोन डॉक्टर, दोन गोळ्या आणि बारावीतली लेक

पत्र थोडक्यात: नागपूरहून एका आईनं लिहिलंय. मुलगी सतरा वर्षांची, बारावी विज्ञानला, सोबत नीटची तयारी. सहा महिन्यांपूर्वी नैराश्याचं निदान झालं. मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केली, समुपदेशनही चालू आहे, आणि आता ती बऱ्यापैकी सावरली आहे. पाळीचा त्रास मात्र पहिल्यापासूनचा: आठ-आठ दिवस अंगावरून जातं, पहिले दोन दिवस कॉलेज आणि क्लास बंद, पाळीच्या आधीचा आठवडा रडारड. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तीन महिन्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. पाकिटावर ‘गर्भनिरोधक’ वाचल्यावर आईनं ते कपाटात ठेवून दिलं. दोन्ही गोळ्या एकमेकींना बाधतील का? नैराश्य परत उसळेल का? की हार्मोनमुळेच मन बिघडत होतं, आणि ही सुरू करून ती बंद करता येईल? पुढे मूल व्हायला अडचण येईल का? आणि शेवटी, संकोचून लिहिलेलं: “लेक लगेच ‘हो’ म्हणाली, म्हणून मनात भलतंसलतं येतं.”

ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, आणि ती गोळीबद्दलची नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना एस्सिटॅलोप्रॅमबद्दल सांगितलं की नाही, हे पत्रात कुठेच नाही. ‘मानसिक औषध’ हा शब्द दुसऱ्या डॉक्टरांपुढे काढायला जीभ रेटत नाही, हे मी समजू शकते. पण आपल्याकडे या बाबतीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा दोन गोळ्यांच्या भांडणानं नाही, दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नसल्यानं बिघडतं. म्हणून आधी दोन्ही चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि दोघांनाही दाखवा. पाकीट तोवर कपाटात राहिलं तरी चालेल. फेकून देऊ नका.

आता मुख्य शंका. एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालीन, फ्लुओक्सेटीन या जातीच्या औषधांमुळे हार्मोनच्या गोळीचा परिणाम कमी होत नाही, आणि त्या गोळीमुळे या औषधांचाही होत नाही. नैराश्य असलेल्या स्त्रीला या गोळ्या देण्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत कसलंही बंधन नाही. खरी अडचण येते ती वेगळ्या औषधांशी. मन स्थिर ठेवायला किंवा फिटसाठी देतात ती कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, आणि जास्त डोसमधलं टोपिरामेट, ही यकृताला हार्मोन भराभर मोडायला लावतात आणि गोळी निकामी होते. क्षयरोगाचं रिफाम्पिसिनही तेच करतं. साध्या अँटिबायोटिकनं मात्र असं होत नाही. तो समज जुना आहे. मन स्थिर ठेवायचंच आणखी एक औषध, लॅमोट्रिजिन, त्याचं उलटं आहे: गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिनच निम्म्यापर्यंत उतरू शकतं, आणि गोळीच्या सुट्टीच्या, म्हणजे हार्मोन न घेण्याच्या, आठवड्यात पुन्हा चढतं. तुमच्या लेकीला यातलं काही चालू नाही. पण पुढे कधी मनोविकारतज्ज्ञांनी औषध बदललं किंवा जोडलं, तर ‘हार्मोनची गोळी चालू आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडी तयार हवं. व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधावर बदललं तर रक्तदाब वाढू शकतो, मग तो अधिक वेळा मोजायचा. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘नैसर्गिक, मन प्रसन्न ठेवणाऱ्या’ कॅप्सूलवर सेंट जॉन्स वर्ट (ही एक वनस्पती) लिहिलेलं असेल तर ती घरात आणूच नका. ती गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ करते, आणि एस्सिटॅलोप्रॅमबरोबर घेतली तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

नैराश्य परत येईल ही भीती तुम्ही कुठेतरी वाचलेल्या बातमीतून आली असावी. २०१६ साली डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १५ ते १९ वयाच्या ज्या मुली मिश्र हार्मोनची, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली, गोळी घेत होत्या, त्यांना पहिल्यांदा नैराश्याचं औषध लागण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.८ पट निघालं. आकडा दचकवणारा आहे, आणि मी तो झटकून टाकणार नाही. पण सगळ्या वयोगटांचा मिळून हिशेब पाहिला तर वर्षाला शंभर स्त्रियांमागे १.७ च्या जागी २.२ असा फरक होता. शिवाय गोळी सुरू करणाऱ्या मुलींच्या आयुष्यात त्याच सुमारास आणखीही बरंच काही घडत असतं. नोंदींच्या अभ्यासातून ते वेगळं काढता येत नाही. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, आधीच नैराश्याचं औषध घेणाऱ्या मुली त्या पाहणीत धरलेल्याच नव्हत्या. दुसऱ्या बाजूला, ड्रॉस्पिरेनोन हे हार्मोन असलेली २४ गोळ्या आणि ४ दिवस सुट्टी अशी मिश्र गोळी पाळीपूर्वीच्या तीव्र मानसिक त्रासावरचं औषध म्हणून अमेरिकेत २००६ पासून मान्य आहे. म्हणजे काही मुलींचं मन या गोळीनं ढासळतं, काहींचं सावरतं, बऱ्याच जणींना फरकच पडत नाही. तुमची लेक यातली कोणती हे आधी सांगता येत नाही. ते बघावं लागतं, आणि बघायची रीत आहे.

एक साधी वही घ्या. गोळी सुरू करण्याआधी निदान एक पूर्ण पाळीचक्र, रोज रात्री मुलीनं स्वतः चार गोष्टी लिहायच्या: मन शून्य ते दहामध्ये किती, झोप किती तास, रक्तस्राव आणि पॅड किती, आणि कोणती औषधं घेतली. वही तिची. तुम्ही ती चोरून वाचायची नाही. डॉक्टरांकडे जाताना ती आपणहून दाखवेल. पाळीच्या आधीचे सात दिवस मन दोन-तीनवर आणि पाळी सुरू झाल्यावर सहा-सातवर, असं दिसलं तर तो पाळीशी जोडलेला त्रास आहे आणि गोळीचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. महिनाभर मन चारच्या वर जातच नसेल, तर मूळ नैराश्य अजून आटोक्यात नाही. अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. पाळीच्या आधीच्या दिवसांपुरता एस्सिटॅलोप्रॅमचा डोस वाढवणं हाही एक मार्ग त्यांच्याकडे असतो.

सुरू केल्यावर निकाल तीन पाकिटांनंतर लावायचा. पहिल्या एक-दोन महिन्यांत मळमळ, स्तन दुखणं, मधेच डाग दिसणं होतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. या तीन महिन्यांत दुसरा कोणताही बदल करायचा नाही: एस्सिटॅलोप्रॅमचा डोस तोच, समुपदेशन चालूच. एकदम दोन गोष्टी बदलल्या की मन बिघडलं किंवा सुधारलं तर कशामुळे, ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच नैराश्याचं औषध नुकतंच सुरू केलेल्या मुलीला त्याच आठवड्यात हार्मोनची गोळी चालू करू नये. दोन्हींची मळमळ एकत्र आली की मुली दोन्ही सोडतात. आधी औषधावर सहा ते आठ आठवडे स्थिर होऊ द्यावं. तुमच्या लेकीचे सहा महिने झालेत, त्यामुळे ही अट पूर्ण आहे.

गोळीनंतर मन घसरलं तर काय करायचं, हेही आत्ताच ठरवून ठेवा. हार्मोनची गोळी कोणत्याही दिवशी थांबवता येते. दोन-चार दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो, एवढंच. एस्सिटॅलोप्रॅम मात्र एकदम थांबवायची नाही. भोवळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, मळमळ, चिडचिड, आणि त्यामागून नैराश्य परत. त्यामुळे ‘ही सुरू करून ती बंद करू का’ याचं उत्तर स्वच्छ ‘नाही’ आहे. नैराश्याचं औषध बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. तिनं मरणाबद्दल बोललं, स्वतःला इजा केली, सामानसुमान वाटून टाकायला लागली, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा शासनाचा नंबर लागतो, मराठीत बोलता येतं. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचा अपघात विभागही रात्रभर उघडा असतो. आणि घरातली सगळी औषधं, आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट, कुलपात ठेवा. हे तुमच्या लेकीवर अविश्वास म्हणून सांगत नाही. नैराश्यातून उठणाऱ्या मुलाच्या प्रत्येक घरात हे करावं.

पाकीट उघडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. रक्तदाब मोजलेला असावा. डोकं दुखण्याआधी तिच्या डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा येतात का, विचारा. तशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनची गोळी चालत नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात पायात वा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, हेही डॉक्टरांना सांगायचं. विदर्भात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? नुसती वाहक, म्हणजे एएस असेल तर सहसा अडचण नाही. आजार, म्हणजे एसएस असेल तर गाठीचा धोका मुळात जास्त असतो, आणि इस्ट्रोजेन टाळण्याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. शाळेत तपासणी झाली असेल तर तिचं कार्ड शोधा. नसेल तर आधी ती करून घ्या.

रक्ताच्या चाचण्यांत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइडही बघायला सांगा. दर महिन्याला आठ दिवस रक्त जाणाऱ्या मुलीच्या शरीरातलं लोह अनेकदा संपत आलेलं असतं. थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, धाप हे सगळं मग नैराश्याच्या खात्यावर जमा होतं आणि औषधाचा डोस उगाच वाढतो. पहिल्या पाळीपासूनच खूप जातंय, तासा-दोन तासाला पॅड भिजतं, दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, अशी लक्षणं असतील तर रक्त गोठण्याच्या विकाराची तपासणीही मागा. मुलींमधला हा दोष अनेकदा वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

इथे एक जोडी सांभाळायची आहे, ती एस्सिटॅलोप्रॅम आणि पाळीतल्या कळांच्या गोळीची. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट रक्तातूनच सेरोटोनिन उचलतात. एस्सिटॅलोप्रॅम ते उचलणंच रोखते, त्यामुळे रक्त किंचित जास्त वाहू शकतं. त्यात मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन पडलं की जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून ती गोळी रिकाम्या पोटी कधीच नाही, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि पोटात आग किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच बंद करून दवाखाना. दुसरी जोडी याहून गंभीर. आपल्याकडे पाळीत जास्त जायला लागलं की औषधाच्या दुकानातून मेफेनॅमिक आणि ट्रानेक्सॅमिक अॅसिडची एकत्र गोळी सहज आणली जाते. मिश्र हार्मोनची गोळी चालू असताना ट्रानेक्सॅमिक घ्यायचं नाही, दोन्ही मिळून रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. घरात जुनी स्ट्रिप पडली असेल तर मागचं नाव वाचा आणि बाजूला काढा. तसंच गौरी-गणपतीला किंवा घरच्या लग्नाला ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून नॉरएथिस्टेरॉन वेगळी आणायची नाही. हार्मोनचं पाकीट चालू असेल तर सुट्टी न घेता पुढचं पाकीट लावलं की पाळी आपोआप पुढे जाते. डॉक्टरांना विचारून तेवढं करा.

गाठीचा धोका किती, हेही आकड्यांत बघा. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये मांडलेला हिशेब असा: गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला २ जणींना गाठ होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची मिश्र गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत ९ ते १२. पहिल्या वर्षी धोका जास्त. म्हणून दोन्ही लागू पडत असतील तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. पाळीपूर्वीचा मानसिक त्रास हीच मुख्य तक्रार असेल तर ड्रॉस्पिरेनोनची २४-४ वाजवी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत कळ, आजवर कधी नव्हतं असं डोकं दुखणं, दिसेनासं होणं, बोबडी वळणं: यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट रुग्णालय.

रोजचं म्हणाल तर दोन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर एकाच अलार्मवर घेता येतात. एस्सिटॅलोप्रॅमनं झोप उडत असेल तर ती सकाळी. विसरल्याचे नियम मात्र दोघींचे उलटे आहेत, हे तिला नीट समजावा. हार्मोनची एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा अधिक चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्यायची, बाकीच्या सोडायच्या. एस्सिटॅलोप्रॅम चुकली तर दुसऱ्या दिवशी कधीही दोन घ्यायच्या नाहीत. हार्मोनची गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यायची. आणि पाकीट स्कूटीच्या डिक्कीत राहता कामा नये. आपल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त, आणि या गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात.

पर्याय नाहीत असंही नाही. तिला किंवा तुम्हाला हार्मोन नकोच असेल तर पाळीच्या दिवसांत नुसतं ट्रानेक्सॅमिक, सोबत लोहाच्या गोळ्या, यानं रक्तस्राव कमी होतो. पाळीआधीची रडारड मात्र त्यानं जात नाही. सरकारी केंद्रांत फुकट मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन या मुलीसाठी मी सुचवणार नाही. तीन महिन्यांचा डोस एकदा टोचला की मन बिघडलं तरी काढून घेता येत नाही, आणि वाढीच्या वयात हाडांची घनताही कमी होते. सरकारी ‘माला-एन’ म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेलची मिश्र गोळीच, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. खर्चाचा प्रश्न असेल तर डागा रुग्णालयात किंवा मेडिकलच्या स्त्रीरोग विभागात याबद्दल विचारता येईल.

पुढच्या मातृत्वाबद्दल निश्चिंत राहा. गोळी थांबवल्यावर एक ते तीन महिन्यांत बहुतेकींचं पाळीचं चक्र पूर्ववत होतं, वंध्यत्व येत नाही.

आता तुमचा शेवटचा, अर्धा सोडलेला प्रश्न. लेक लगेच ‘हो’ म्हणाली, त्याचा एक सरळ अर्थ असा की दर महिन्याला दोन दिवस पोट धरून पडून राहण्याचा तिला कंटाळा आलाय. गोळी हातात आली म्हणून मुली संबंध ठेवायला लागत नाहीत. आणि ठेवायचे असतील तर गोळी कपाटात ठेवून ते थांबत नाहीत. तिच्यापुढे संशय मांडलात तर ती तुम्हाला वही दाखवणार नाही, मन बिघडलं तरी सांगणार नाही. ही किंमत फार मोठी आहे. पुढच्या भेटीत दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा आणि तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. कायदा मात्र तुम्हा दोघींना माहीत असावा. पाळीच्या उपचारासाठी गोळी घेण्यात कायद्याचा काहीच प्रश्न नाही. पण १८ वर्षांखालच्या मुलीचे लैंगिक संबंध असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, तिची संमती असली तरी.

हे वाचणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या, नागपुरात होस्टेलवर राहून नैराश्याचं औषध घेणाऱ्या मुलींसाठीही दोन शब्द. गर्भनिरोधासाठी गोळी घेत असाल तर दोन-तीन गोळ्या चुकल्यावर सात दिवस निरोध वापरा. चूक तिसऱ्या आठवड्यातली असेल तर सुट्टी न घेता नवं पाकीट सुरू करा. वाईट दिवसांत औषधं विसरली जातात हा नैराश्याचाच भाग आहे, त्यात तुमचा आळशीपणा नाही. म्हणून रोज लक्षात ठेवावी न लागणारी तांबी तुम्हाला जास्त सोयीची पडू शकते, विचारून बघा. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी, १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, तुमच्या नैराश्याच्या औषधाबरोबर चालते. कार्बामाझेपिन किंवा रिफाम्पिसिन चालू असेल तर तिच्यावर विसंबू नका, पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं खात्रीचं.

ताई, वेळेचं गणित तेवढं राहिलं. बारावीचे पेपर फेब्रुवारीत. एक पाळीचक्र वहीत जाणार, मग पहिल्या पाकिटांची मळमळ. दिवाळी आटोपल्यावर लगेच वही सुरू केली आणि दोन्ही डॉक्टरांची भेट झाली, तर डिसेंबरच्या पाळीच्या पहिल्या दिवशी गोळी चालू करता येईल आणि पेपरांपर्यंत शरीर रुळलेलं असेल. जानेवारी उलटला तर सुरूच करू नका. डॉक्टरांना विचारून पेपर आणि नीट होईपर्यंत पाळीच्या दिवसांत ट्रानेक्सॅमिकवर निभवा, आणि पाकीट त्यानंतरच्या पहिल्या पाळीला उघडा.